एक्स ॲक्सिसमध्ये चाळीस मायक्रॉनचा बॅकलॅश: बॉलस्क्रू बदलावा का, आणि बदलायचा तर कोणता?

नमस्कार. तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. शिरोली एमआयडीसीतल्या तुमच्या कारखान्यात बाराएक वर्षे जुने व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचे सीएनसी मिलिंग मशीन) आहे. एक्सचा स्ट्रोक ८०० मिमी, टेबल सरकवणारा बॉलस्क्रू ४० मिमी व्यासाचा आणि १० मिमी लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात नट १० मिमी सरकतो. त्यावर बिडाची कास्टिंग्ज बहुतेक कोरडीच कापली जातात. एक्समध्ये ०.०४ मिमी बॅकलॅश (दिशा उलटताना येणारा मोकळा प्ले) दिसतो, फानुक कंट्रोलमध्ये तेवढी भरपाई टाकूनही एंड मिलने गोल फिरवून काढलेले बोअर लंबगोल येतात. विक्रेत्याने सी ३ दर्जाचा ग्राउंड (ग्राइंड करून बनवलेला) स्क्रू सुचवला आहे, दुसऱ्या एका पुरवठादाराने त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत सी ७ दर्जाचा रोल्ड (आटे लाटून पाडलेला) स्क्रू देऊ केला आहे, आणि यांतला कोणता घ्यावा असे तुम्ही विचारता.

या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. सी ३, सी ५, सी ७ हे दर्जे लीडच्या अचूकतेचे आहेत, म्हणजे नट ३०० मिमी सरकला असे कंट्रोलला वाटते तेव्हा तो प्रत्यक्षात किती सरकतो, याचे. बॅकलॅश ही लीडची चूक नव्हे. दिशा उलटताना मधेच कुठेतरी रिकामी जागा आहे, आणि ती जागा स्क्रूमध्येच असेल असे नाही. प्रीलोड (नटातल्या बॉलवर आधीच दिलेला दाब) नसलेला सी ३ स्क्रू बॅकलॅश देईल आणि नीट प्रीलोड केलेला सी ७ स्क्रू देणार नाही. त्यामुळे आज तुम्हाला जो त्रास होतो आहे त्याचे उत्तर या दोन कोटेशनच्या तुलनेत मिळणार नाही. जुन्या व्हीएमसीवर स्क्रू बदलायचा म्हणून बोलावले गेल्यावर सपोर्ट बेअरिंगचा संच बदलून किंवा लॉकनट घट्ट करून काम भागले, असे माझ्या कामात बरेचदा घडले आहे.

पुढे जे लिहितो आहे त्यातले काही तुमच्या मशीनच्या रचनेवर अवलंबून आहे: टेबल बॉक्स वेवर (घासत सरकणाऱ्या सपाट मार्गांवर) आहे की लिनिअर गाइडवर, स्क्रूची दोन्ही टोके फिक्स्ड आहेत की एकच, आणि ॲक्सिसवर लिनिअर स्केल (टेबलाची जागा थेट मोजणारी पट्टी) बसवलेली आहे का. मोटरच्या एन्कोडरवरच फीडबॅक आहे, स्केल नाही, असे गृहीत धरून लिहितो. स्केल असेल तर बॅकलॅश डायलवर जवळजवळ दिसतच नाही, ॲक्सिस थांबल्यावर थरथरते किंवा गुणगुणते, आणि निदानाची रीतच बदलते.

आधी खरा आकडा काढा. बॅकलॅश भरपाईच्या १८५१ आणि १८५२ या पॅरामीटरमध्ये आज जी मूल्ये आहेत ती कागदावर लिहून ठेवा, मग दोन्ही शून्य करा आणि ॲक्सिस रेफरन्सला नेऊन आणा. भरपाई चालू ठेवून घेतलेले माप निदानाच्या कामाचे नाही. स्पिंडलला लिव्हर डायल लावा, टेबलावर एक चौकोनी ब्लॉक घट्ट बसवा, हँडव्हीलने एका दिशेने येऊन डायल शून्य करा आणि उलट दिशेला एकेक मायक्रॉनने फिरवत डायल हलायला लागेपर्यंतचे अंतर मोजा. हे माप मधोमध, डाव्या टोकाजवळ आणि उजव्या टोकाजवळ, अशा तीन ठिकाणी घ्या. लोक मधले एकच माप घेऊन थांबतात, आणि निदानाला सर्वांत उपयोगी असलेली माहिती तिथेच हातची जाते.

तीन मापांचा अर्थ असा लागतो. नटातल्या बॉल झिजल्या, बेअरिंग सैल झाले किंवा कपलिंग सरकले, तर टेबल कुठेही असले तरी प्ले जवळपास सारखाच येतो, कारण हे भाग प्रत्येक जागी तेच असतात. स्क्रूचा ट्रॅक मात्र जिथे जास्त चालतो तिथे झिजतो. तुमचे फिक्स्चर टेबलाच्या मध्यभागी असेल तर मधले २५०-३०० मिमी रोज हजारो वेळा घासले जातात आणि टोके जवळपास नवीच राहतात. मग मधे ४० मायक्रॉन आणि टोकांना १२-१५ असे चित्र दिसते. भरपाई टाकूनही लंबगोलपणा का जात नाही, याचे एक कारण इथे मिळते: १८५१ मधला आकडा पूर्ण ॲक्सिसला एकच असतो. ४० टाकला तर टोकाकडच्या जॉबवर मोटर २५ मायक्रॉन जास्त ढकलते, १५ टाकला तर मधल्या जॉबवर २५ कमी पडतात. शिवाय ही भरपाई दिशा उलटण्याच्या क्षणी मोटरला पुढे सरकवते एवढेच. कापताना कटर टेबलाला ज्या बाजूला ओढतो त्या बाजूला टेबल त्या रिकाम्या जागेत मोकळेच असते, विशेषतः डाउन मिलिंगमध्ये (कटरची धार आणि फीड एकाच दिशेला असताना), आणि त्यावर कोणताही पॅरामीटर काही करू शकत नाही.

बोअरवरचे डागही पाहून घ्या. एक्समध्ये प्ले असेल तर पायरी बोअरच्या डाव्या आणि उजव्या बाजूला, म्हणजे घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी दिसते, कारण तिथेच एक्स दिशा उलटते. पायरी १२ आणि ६ च्या जागी असेल तर तुम्ही चुकीच्या ॲक्सिसचा स्क्रू मागवायला निघाला आहात. पायरी कुठेच नाही आणि बोअर ४५ अंशांत तिरका लंबगोल आहे, तर बॅकलॅश बाजूला ठेवून एक्स आणि वाय यांचा काटकोन आणि दोन्ही सर्व्होंचे गेन तपासा. बॉलबार (गोल फेरीतली चूक मोजणारे उपकरण) भाड्याने मिळत असेल तर अर्ध्या तासात हे सगळे एका आलेखावर दिसते.

आता प्ले नेमका कुठे आहे ते शोधायचे. टेलिस्कोपिक कव्हर काढा. स्क्रूच्या मोकळ्या टोकाला सेंटर असते. त्या सेंटरमध्ये ग्रीस लावून एक स्टीलची बॉल चिकटवा, सपाट टोकाचा डायल बेडवर घट्ट बसवून त्या बॉलवर टेकवा, आणि दुसऱ्या माणसाला हँडव्हीलने टेबल पुढे-मागे करायला सांगा. स्क्रू फिरेल, पण डायल एकदोन मायक्रॉनच्या पलीकडे हलता कामा नये. इथे २०-३० मायक्रॉन दिसले तर स्क्रू स्वतःच अक्षाच्या दिशेने सरकतो आहे, म्हणजे दोष बेअरिंगचा, त्याच्या लॉकनटचा किंवा बेअरिंग हाउसिंगच्या बोल्टचा. मात्र तुमचा स्क्रू मोकळ्या टोकाला फ्लोटिंग असेल आणि फिक्स्ड टोक मोटरकडे असेल, तर तापमानाने येणारी हळू वाढ आणि दिशा उलटताना येणारा झटका यांत गल्लत करू नका. झटकाच मोजायचा. दुसरा डायल नटाच्या हाउसिंगवर आणि तिसरा टेबलावर लावला की नटाचा फ्लँज ब्रॅकेटमध्ये हलतो का हेही कळते. ब्रॅकेटचे बोल्ट सैल झालेले मी अनेकदा पाहिले आहेत आणि त्याचा खर्च एका ॲलन कीइतका असतो. एकूण प्लेमधून हे सगळे वजा केल्यावर जे उरते ते नट आणि स्क्रू यांचे. सर्व्हो चालू असताना लाकडी दांड्याने टेबल हलके रेटून सोडून पाहा: डायल परत मूळ जागी आला तर तो भाग लवचीकपणाचा आहे, तिथेच राहिला तर खरा प्ले किंवा गाइडचे घर्षण. बॉक्स वे असेल तर गिब (गाइडमधली फट भरणारी पट्टी) फार घट्ट असतानाही बॅकलॅशसारखेच माप मिळते, त्यामुळे गिबकडे दुर्लक्ष नको.

बेअरिंगमध्ये दोष निघाला तर स्क्रू तसाच ठेवून ६० अंश संपर्ककोनाचा स्क्रू-सपोर्ट बेअरिंगचा जुळवलेला संच घ्या. साधे अँग्युलर काँटॅक्ट बेअरिंग त्याच मापाचे मिळते आणि स्वस्तही असते, पण ते एवढ्या अक्षीय बळासाठी बनलेले नाही. संचावरच्या बाणाच्या खुणा जुळवूनच बसवायचे आणि दोन वेगळ्या संचांतील बेअरिंगे एकत्र करायची नाहीत.

प्ले नटात आहे आणि तिन्ही ठिकाणी सारखा आहे, असे निघाले तर किंचित मोठ्या बॉल घालून नट पुन्हा प्रीलोड करता येतो. काही मायक्रॉनच्या फरकाने बॉल मिळतात, पण सगळ्या एकाच लॉटच्या हव्यात, नाहीतर ज्या दोन-चार मोठ्या आहेत त्याच सगळा भार घेतील. ट्रॅक मध्यभागी झिजला असेल तर हा उपाय धोक्याचा आहे: मधला प्ले संपेल एवढ्या मोठ्या बॉल घातल्या की टोकांना नट जाम होतो, मोटरचा लोड वाढतो आणि राहिलेला ट्रॅकही सोलला जातो. डबल नटाचा स्पेसर घट्ट केला तरी हेच होते. अशा स्क्रूला ट्रॅक पुन्हा ग्राइंड करून नवा संच भरणे किंवा नवा स्क्रू, हे दोनच मार्ग उरतात. ट्रॅकवर खपल्या निघालेल्या असतील, बोटाला खड्डे लागत असतील, तर कडक थर तुटलेला आहे आणि रीग्राइंड टिकेलच असे नाही.

नवाच घ्यायचा ठरला तर तुमच्या दोन कोटेशनबद्दल बोलू. जपानी मानकानुसार ३०० मिमीमध्ये लीडचा चढ-उतार सी ३ ला ८ मायक्रॉन, सी ५ ला १८ आणि सी ७ ला ५० मायक्रॉनपर्यंत चालतो. युरोपीय कॅटलॉगमधले आयएसओ दर्जे याच क्रमांकांचे असले तरी आकडे थोडे वेगळे असतात, त्यामुळे कोटेशनमध्ये मानकाचे नाव लिहून घ्या. लेसरने पिच एरर भरपाई (लीडची चूक ठिकठिकाणी मोजून कंट्रोलमध्ये टाकणे) करता येते म्हणून सी ७ पुरतो, असा युक्तिवाद तुम्हाला ऐकू येईल. लीडची चूक हळूहळू वाढत जाणारी असेल तर तो खरा आहे. भरपाईचे बिंदू बहुधा ३०-५० मिमी अंतरावर असतात आणि एका फेऱ्यात होणारा चढ-उतार, म्हणजे तुमच्या १० मिमी लीडच्या आत होणारा, त्या बिंदूंच्या मधेच राहतो. तो फक्त स्क्रूच्या दर्जातूनच कमी होतो. तुमच्या जॉबच्या ड्रॉइंगवर बोअरच्या अंतराला ०.०५ मिमी सवलत असेल तर चांगल्या बनावटीचा सी ५ आणि लेसरची भरपाई हा माझ्या मते योग्य मध्य आहे. ०.०२ मिमी किंवा त्याहून कडक अंतरे धरायची असतील तर सी ३. सी ७ रोल्ड स्क्रू मी व्हीएमसीच्या एक्स-वायला बसवत नाही. लोडर, गँट्री, साधे ड्रिलिंगचे एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेले मशीन) अशा जागी तो उत्तम आहे, आणि तिथे सी ३ घेणे हा पैशाचा अपव्यय.

दर्जापेक्षा जास्त वेळ प्रीलोडवर घालवा. बाहेरचे अक्षीय बळ प्रीलोडच्या सुमारे २.८ पट झाले की उलट बाजूच्या बॉल मोकळ्या होतात आणि तेव्हा प्ले पुन्हा उघडतो. म्हणून प्रीलोड साधारणपणे कमाल बळाच्या एक-तृतीयांश असावा. तो नटाच्या डायनॅमिक लोड क्षमतेच्या ५ ते १० टक्क्यांत बसला पाहिजे, नसेल बसत तर नट लहान आहे. जास्त प्रीलोड म्हणजे जास्त कडकपणा असे समजून पुरवठादाराला हेवी प्रीलोड सांगू नका. आयुष्य बळाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, बळ दुप्पट झाले तर आयुष्य आठवा हिस्सा. आणि प्रीलोडची उष्णता स्क्रू लांबवते: पोलाद १ मीटरमागे दर अंशाला सुमारे १२ मायक्रॉन वाढते, म्हणजे स्क्रू ५ अंशांनी तापला तर ६० मायक्रॉन, ज्यापुढे सी ३ आणि सी ५ मधला फरक किरकोळ ठरतो. सकाळचा पहिला जॉब आणि दुपारचा जॉब यांत अंतर बदलते अशी तक्रार असेल तर ती यातली आहे.

वेगाचीही पडताळणी करून घ्या. रॅपिड (न कापतानाचा जलद वेग) २४ मीटर प्रतिमिनिट असेल तर १० मिमी लीडला २४०० फेरे लागतात. व्यास गुणिले फेरे हा आकडा एक लाखाच्या आसपास जातो, आणि जुन्या पद्धतीच्या रिटर्न ट्यूबचे नट ७०,००० पर्यंतचेच असतात. स्वस्त स्क्रूची मेख अनेकदा इथे असते. क्रिटिकल स्पीडची, म्हणजे ज्या वेगाला स्क्रू थरथरू लागतो त्याची, चिंता तुमच्या लांबीला नाही. लांबी दुप्पट झाली तर तो चौथाई होतो, म्हणून ती चिंता लांब मशीनवाल्यांनी करावी.

व्यास आणि लीड बदलू नका. लीड वाढवून रॅपिड वाढवण्याचा मोह होतो, पण त्याच बळाला टॉर्क त्याच प्रमाणात वाढतो, मोटर तीच राहते, आणि फीड गिअरसह सगळे पॅरामीटर बदलावे लागतात. ऑर्डर देण्याआधी जुन्या स्क्रूवरून माप घेताना एक फेरा फिरवून नट किती सरकतो ते पाहा. दोन-स्टार्ट (दोन समांतर खाचांच्या) स्क्रूवर शेजारच्या दोन खाचांतले अंतर मोजले तर लीड निम्मे निघते आणि चुकीचा स्क्रू येतो. ओळींची संख्या, बॉलचा व्यास, फ्लँजवरची भोके, तेलाच्या पोर्टची दिशा, टोकांचे बेअरिंग सीट आणि लॉकनटचे आटे, हे सगळे ड्रॉइंगवर काढून पुरवठादाराची सही घ्या. जर्मन आणि जपानी मानकाच्या फ्लँजची भोके एकमेकांत बसत नाहीत.

दोन्ही टोके फिक्स्ड असतील तर मशीन बनवताना स्क्रू ताणून बसवलेला असण्याची शक्यता आहे. साधारण ३ अंशांची वाढ आधीच ताणून घेतली जाते, म्हणजे मीटरला ३५ मायक्रॉनच्या आसपास, आणि ४० मिमीच्या स्क्रूला त्यासाठी सुमारे ७ किलोन्यूटन बळ लागते. असा स्क्रू मुद्दाम तेवढा आखूड लीडचा ग्राइंड केलेला असतो. नवा मागवताना ही उणे भरपाई सांगितली नाही, किंवा बसवताना ताणलाच नाही, तर मशीन तापल्यावर स्क्रू दाबला जाऊन वाकतो. मशीनच्या मॅन्युअलमध्ये हा आकडा शोधा.

जुना स्क्रू का गेला हे कळल्याशिवाय नवा बसवू नका. कोल्हापूरच्या फाउंड्री कामात माझा पहिला संशय बिडाच्या पुडीवर असतो. कोरड्या कापण्यात ती पिठासारखी बारीक उडते, कव्हरच्या फटीतून आत जाते, तेलात मिसळून घासणाऱ्या लगद्यासारखी होते आणि नटाचे वायपर फाडते. दुसरा संशय तेलाचा. सेंट्रल लुब्रिकेशनचा पंप चालतो, टाकी हळूहळू रिकामी होते, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते, पण नटाकडे जाणारा मीटरिंग व्हॉल्व्ह बंद असू शकतो आणि तेल दुसरीकडेच जात असते. नटाजवळची नळी काढा, पंप हाताने चालवा आणि थेंब येतो का ते डोळ्यांनी पाहा. ग्रीसवर चालणारा नट असेल तर ग्राफाइट किंवा मॉलिब्डेनम असलेले ग्रीस घालू नका. बॉल गोल फिरण्याऐवजी घसरायला लागतात.

बसवताना मशीनचा पूर्ण बॅकअप आधी घ्या. नट स्क्रूवरून काढावाच लागला तर स्क्रूच्या मुळाच्या व्यासापेक्षा किंचित लहान पाइपवर घ्या, नाहीतर बॉल जमिनीवर असतील. बेअरिंग हाउसिंग आणि नट ब्रॅकेट गाइडशी समांतर आहेत का ते टेस्ट बारने दोन्ही पातळ्यांत पाहा. पूर्ण लांबीत ०.०२ मिमीच्या आत हवे, मी ०.०१ धरतो. नटाचे बोल्ट हाताने लावून टेबल फिक्स्ड बेअरिंगजवळ न्या, तिथे घट्ट करा, मग दुसऱ्या टोकाला नेऊन सर्व्होचा लोड पाहा. संथ फीडने पूर्ण स्ट्रोकमध्ये दोन्ही दिशांना लोड सारखा राहिला पाहिजे. एका टोकाला चढत असेल तर स्क्रू तिथे वाकून चालतो आहे, आणि तो वर्षभरात पुन्हा जाईल. तुम्ही हेच काम वाय किंवा झेडवर करणार असाल तर झेडमध्ये मोटर काढण्यापूर्वी हेडखाली लाकडी ठोकळे आणि जॅक द्या. ब्रेक मोटरमध्ये असतो, आणि मोटर सुटली की हेड खाली येते.

पिच एरर भरपाईचा जुना तक्ता जुन्या स्क्रूचा आहे. नवा स्क्रू चालू करण्याआधी तो शून्य करा, १८५१ सुद्धा शून्य करा, ॲब्सोल्युट एन्कोडर असेल तर १८१५ मधून रेफरन्स पुन्हा बसवा, आणि मशीन काही तास चालवून तापल्यावरच लेसरने माप घ्या. नव्या स्क्रूला बॅकलॅश २-३ मायक्रॉनपेक्षा जास्त निघाला तर तो भरपाईत लपवू नका, आधी बसवणी तपासा.

नवा स्क्रू येईपर्यंत उत्पादन थांबवता येत नसेल तर बोअर फिरवून न काढता बोअरिंग बारने काढा आणि जागेवर नेहमी एकाच दिशेने या. फानुकचे जी६० हेच काम करते. वेळ थोडा जास्त जातो, पण अंतर आणि गोलाई दोन्ही धरता येतात. तीन ठिकाणची मापे आणि टोकाच्या बॉलवरचा आकडा इथे लिहिलात तर नट, बेअरिंग की स्क्रू हे नेमके सांगता येईल. आणि स्क्रू बदललाच, तर जुना भंगारात देऊ नका. ट्रॅक सोललेला नसेल तर तो रीग्राइंड करून स्पेअर म्हणून टांगून ठेवा, आडवा न ठेवता उभा.